आठाचे दोन किलोमीटर

बीड, सोमवार

ती. मोहनराव दाजींच्या सेवेशी परमेश्वरचा नमस्कार. आम्ही सगळे खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? अक्का म्हणाली, मांजरसुंब्याच्या थांब्यापर्यंतही चालवत नाही. जपा.

तर दाजी, गेला आठवडाभर मी अख्खा बीड जिल्हा समुद्रात बुडवून बसलो होतो. (आज वर काढला, म्हणून लिहितोय.) आमच्या संस्थेकडे वस्तीशाळांची यादी आली. तीन किलोमीटरच्या आत दुसरी शाळा असेल तर वस्तीवरची बंद करायची. अंतरं काढायचं काम माझं. आपण शाळेत 'अक्षांश-रेखांश' असंच घोकलं, 'आई-वडील' म्हणावं तसं. मी त्याच क्रमानं शाळांचे आकडे संगणकात भरले. त्यातल्या नकाशाच्या प्रणालीला मात्र रेखांश आधी लागतो. तिनं निमूटपणे बीड उचलून उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात ठेवलं. तिथे रेखांश एकमेकांना खेटून असतात आणि आपले अक्षांश आता रेखांश झालेले, त्यामुळे दक्षिणोत्तर अंतर पाव झालं. पूर्व-पश्चिम जवळजवळ तेवढंच राहतं, आणि मी (खात्री केल्याशिवाय मला चैन पडत नाही) पडताळणीला नेमकी पूर्व-पश्चिम गावं घेतली, म्हणून सगळं बरोबर दिसलं!

लिंबागणेशकडच्या एका मेंढपाळांच्या वस्तीवर स्वप्ना मॅडमची अकरा मुलांची शाळा आहे. पुढची शाळा थेट उत्तरेला, आठ किलोमीटरवर. माझ्या यादीत दोन. म्हणजे बंद. शुक्रवारी वस्तीवरचे मुंजाजी कार्यालयात आले. "दोन? साहेब, माझी मेंढरं सकाळी निघत्यात, दुपारी पोचत्यात. तुमी कशावर बसून गेलते?" मी नकाशा उघडला, तर वस्तीभोवती नुसतं निळं पाणी. ते वाकून बघत म्हणाले, "एवढं पानी असतं तर आमी कावून भटकलो असतो?"

चूक मला सापडली, रकान्यांची अदलाबदल करून सगळी यादी पुन्हा केली आणि आज ती मंजूर झाली. शाळा राहिली. मॅडम फोनवर "बरं झालं, सर" एवढंच म्हणाल्या. मागे पाढे चालू होते. दाजी, शुक्रवारनंतर आज जेवण गोड लागलं.

तुमचा,
परमेश्वर

ता. क. चूक 'मला सापडली' हे खरं नाही. मुंजाजींना सापडली. खोडत नाही, खोडलं की तुम्ही आधी तेच वाचता.

ता. क. २. मंजुरीला एक अट आहे. रविवारी ते अंतर मी मुंजाजींबरोबर चालून मोजून द्यायचं. तुमचे कातडी बूट सध्या पडूनच असतील, आणि आपला पाय एकाच मापाचा. पाठवाल का? वर गुडघ्याची चौकशी त्यासाठीच केली का, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर निम्मं 'हो' आलं. (पुन्हा मोजतोय.)