एका हाताचं जेवण

ब्लू रॉक्स, नोव्हा स्कोशिया
२ एप्रिल १९९८

चि. कोरीन हिस वर्नाआत्याचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझा खांदा या ओल्या थंडीत ठणकतो का? जावईबापू लाइलची पाठ कशी आहे? तुझ्या छोट्या टेसचा खोकला गेला की अजून झोपू देत नाही? तुझ्या सासूबाईंचे डोळे? त्या आळशी बोक्याचीही खुशाली लिही, नाहीतर टेस रुसायची. माझं म्हणशील तर गुडघे कुरकुरतात, पण मी ऐकून घेत नाही.

काल स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं मेणकापड बदललं आणि तशीच बसून राहिले. याच टेबलाशी लुळ्या हातांच्या बाळांसाठी आपलं मंडळ सुरू झालं. तू तान्ही होतीस. जन्मताना खांदा अडकला, ओढाताणीत मानेजवळच्या नसा दुखावल्या आणि डावा हात लुळा पडला. आपोआप बरा होईल म्हणून डॉक्टरांनी तुझ्या आईला घरी पाठवलं. ती बिचारी वाट बघत राहिली. मग मी, आठवीत शाळा सोडलेली बाई, वाचनालयातली जाडजूड पुस्तकं वाचून या टेबलावर लोकरीचे पाच रंगीत धागे मांडायला लागले. कुठली नस कुठून कुठं जाते ते जमलेल्या आयांना त्यावरून सांगायचे. पुढं दायांना, नर्सांना सांगत फिरलो, तेही आमच्या ह्यांच्या, तुझ्या गार्नेटकाकांच्या, मासळीच्या गाडीतून. ते म्हणायचे, आपल्याआधी आपला वास पोचतो, निम्मी जागृती तिथंच होते!

आता मुद्द्याचं. जूनच्या सभेत मी अध्यक्षपद सोडतेय. दुसरं कोणी पुढं येत नाही. शेजारची मेव्हिस म्हणते, खुर्चीतच मर, निवडणूक टळेल. तू घेतलंस तर मंडळ चालेल, नाहीतर कुलूप. मे अखेरीला मंडळाच्या वार्षिक शेवंडीच्या जेवणाला ये, तिथं तुझं नाव सांगते.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
वर्नाआत्या

फ्रेडरिक्टन
१२ एप्रिल १९९८

ती. आत्यास शि. सा. न.

वि. वि. खांदा ठणकतो, पाठ ठीक, खोकला गेला, सासूबाई सुई ओवतात आणि बोका अजून लठ्ठ झालाय.

खुर्चीचं वाचलं. पण आत्या, एक अट आहे. ते रुमाल बंद कर.

मी आठ वर्षांची असताना या जेवणाला तुम्ही सगळ्यांनी मला पुढच्या टेबलाशी बसवलंत. धडधाकट माणसांचा एकेक हात रुमालानं पाठीशी बांधला, एका हातानं शेवंडीच्या टणक नांग्या फोडून बघा म्हणजे या मुलांचं दुःख कळेल म्हणून. कवचं उडाली, लोणी सांडलं, हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मग रुमाल सुटले आणि जो तो, अरेरे, कसं गं करतेस, म्हणत माझा गाल कुरवाळून गेला. कसं करते ते कोणी बघितलंच नाही. माझी शेवंड तर केव्हाच खाऊन झाली होती.

दरवर्षी हेच. मला कुणाच्या अरेरेची अध्यक्ष व्हायचं नाही.

राग आला तरी लोभ असू दे.
तुझी,
कोरीन

ब्लू रॉक्स
२० एप्रिल १९९८

चि. कोरीन हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. घरात बोलायला कोणी नाही, ते सोड.

रुमालांची कल्पना तुझ्या काकांची. ते गेल्यावर मी ती जपली. त्या मजेपायी माणसं लांबलांबून येतात, आणि आली की दोन शब्द ऐकून जातात. दुसऱ्याला तुमचे हाल कळायचे तरी कसे? खुर्ची नको असेल तर तसं सरळ लिही. त्यांना मध्ये आणू नकोस.

टेसला गरम कपडे घाल.
वर्नाआत्या

फ्रेडरिक्टन
२८ एप्रिल १९९८

ती. आत्यास शि. सा. न.

काकांना तूच आणलंस. आता आलेच आहेत तर ऐक. मी आठ वर्षांची होते त्याच रात्री, सगळे उठून गेल्यावर ते माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, पोरी, माझी नांगी अजून अख्खी, तुझी रिकामी कशी? दाखव बघू. मी दाखवलं. लुळ्या हाताच्या कोपराखाली नांगी दाबायची, टेबलाच्या कडेला टेकवायची, चमच्याच्या दांड्यानं उचकटायची. तीन नांग्या वाया घालवल्या त्यांनी, पण शिकले.

मला तेवढंच हवंय. या वर्षी आम्ही एकहाती मंडळी पुढं बसतो आणि लोकांना शिकवतो. कोणी नाही आलं तर पुढच्या वर्षी माझाच उजवा हात बांध. पण एवढं मानलं नाहीस तर खुर्ची मला नको. हे मी रागानं लिहीत नाही.

तुझीच,
कोरीन

ब्लू रॉक्स
३ जून १९९८

होऊ घातलेल्या अध्यक्षबाई चि. कोरीन हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. त्या बिनरुमालाच्या जेवणात तू पुढं होतीस, म्हणून मागच्या बाकावरचं तुला दिसलं नाही. मीही इतक्या वर्षांत तिथं पहिल्यांदाच बसले.

दरवर्षी येणारा बर्टन आइझनर, यंदा मजा कुठाय, असं पुटपुटत दारापर्यंत गेला आणि लोण्याच्या वासानं माघारी आला. माणसं कमी होती, ते मी लपवत नाही. पण माझ्या शेजारी ब्रिजवॉटर गावची एक तरुण पोर होती. मांडीवर बाळ, त्याचा एक हात बाहीत नुसता लोंबत होता. ओठ घट्ट मिटलेले. मी सवयीनं तिची समजूत घालायला लागले, तर तिचं लक्षच नाही. ती तुझ्याकडे बघत होती. तू कोपराखाली नांगी दाबून कडाडकन फोडलीस, पाणी उडून पाद्रीबाबांच्या चष्म्यावर गेलं, आणि ती फसकन हसली.

मग हळूच विचारलं, या बाई स्वतःचे केस बांधतात का? मी म्हटलं, आरसा न बघता. मग आणखी हळू, बाळ उचलता येतं का त्यांना? मी म्हटलं, अगं, तिची पोरगी सहा वर्षांची झाली, इतके दिवस काय शेजारीण उचलत होती? तेव्हा कुठं तिनं आपल्या बाळाचा तो हात बाहीतून बाहेर काढला आणि बोटं चोळत बसली.

निघताना तिनं मंडळाचा फोन नंबर मागितला. माझा सांगायला तोंड उघडलं, आणि सांगितला तुझा. घरी येऊन थोडी रडले. मेव्हिसला कळू देऊ नकोस, गावभर करेल.

आता एवढंच कळव: तिचा फोन आला का? काय बोललीस? बाळाला चांगल्या डॉक्टरकडे कधी नेतेय? म्हातारीला फार ताटकळत ठेवू नकोस, उलट टपाली लिही.

तुझी,
वर्नाआत्या