गुंगीतल्या शेळीची साखर

बुधवार, संध्याकाळ. अहमदपूर.

आज अर्चनाला मनातलं सांगायचंच, असं ठरवून शेळी टेम्पोत घातली होती. तिच्या प्रयोगाला शेळ्या कमी पडत होत्या, म्हणून मीच म्हणालो होतो, आमची आणतो. ज्या जनावरांच्या कॉलेजातून दुसऱ्या वर्षी भांडून निघालो, तिथंच परत. माझ्याच वर्गातली ती मात्र तिथं पुढं शिकतेय.

तिनं आधी रक्त घेतलं, मग गुंगीचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं शेळीची मान माझ्या मांडीवर पडली, जीभ बाहेर लोंबली. परत रक्त घेतलं. साखर लई वाढलेली.

"ही तर गपगार पडली. साखर कशी वाढली?"

"औषधानं इन्सुलिन दबतं. शिकलेलं सगळं विसरलास व्हय?"

"शिकलो कवा? भांडतच तर होतो."

ती हसली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "लग्न ठरलं माझं. मुदखेडचे हायत."

"बरं," म्हणालो. एवढंच. एरवी एका शब्दावर अंगावर जाणारा मी. राग यायला पाहिजे होता ना? आलाच नाही. शेळीच्या जिभेवरून लाळ गळत होती, ती रुमालानं पुसत बसलो. अजून ती जीभच डोळ्यांपुढं दिसतेय.

"पुढच्या बुधवारी गुंगीचं दुसरं औषध द्यायचंय. आणशील ना हिला?"

"आणतो."

घरी येऊन दादाला सांगितलं, बुधवारी शेळी तू घेऊन जा. अर्चनाचा प्रयोग अर्धवट राहायला नको.

"आन् तू?"

मला काम हाय, म्हणालो. काहीच काम नाही मला.