टांकसाळेतला रंग

गुरुजी,

दिवाळीच्या आधी एका रविवारी सकाळी मी अंघोळ, देवपूजा उरकली आणि बोटावरचं गंध वाळायच्या आत पोस्टकार्ड घेऊन बसलो. फैजपूरच्या नानांना नकार कळवायचा होता. नाना म्हणजे आमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळातले सगळ्यात वयस्क, केळीचे बागाईतदार. महिन्यातून एकदा आम्ही आठ-दहा जण पिंप्राळ्यात माझ्या घरी जमतो. नाना एस.टी.नं येतात, पिशवीतून केळ्यांची फणी काढतात, ती आधी माझ्या देवापुढे ठेवतात आणि मग नाण्यांकडे वळतात. हिवाळ्यात आम्ही एका शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरवतो. त्यात कुठलं नाणं मांडायचं आणि कुठलं नाही, हे ठरवायचं काम मंडळानं माझ्यावर टाकलेलं आहे. मी लिहिलेल्या नियमांत एक कलम असं, की टांकसाळेतून निघाल्यावर ज्यावर काही केलं असेल ते नाणं चालणार नाही. नानांनी या वर्षी एकाच नाण्यासाठी जागा मागितली होती. मी लिहिलं, रंगीत नाणं आपल्याला घेता येणार नाही, माझ्या गुरुजींची तशी शिकवण आहे. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, आणि मी एका म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायला तुमचा आधार घेतला.

ते नाणं नानांच्या मुलीनं परदेशातून पाठवलेलं. तिथल्या सरकारी टांकसाळेचं, चांदीचं, प्लॅस्टिकच्या गोल डबीत बंद केलेलं. एका बाजूला त्या देशाची मुद्रा आणि दुसऱ्या बाजूला पक्षी. पण पक्षी नुसता कोरलेला नाही, रंगवलेला. हिरवे पंख, निळी मान, पांढरंशुभ्र पोट. तुमच्या काळात असं काही नव्हतं. आता परदेशातल्या टांकसाळा अशी नाणी काढू लागल्या आहेत आणि लोक हौसेनं घेतात. नानांनी श्रावणातल्या बैठकीत ते पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा आमच्यातला एक कापड दुकानदार म्हणाला, "नाना, हे नाणं आहे का बिल्ला? नातवाच्या गॅदरिंगला शर्टावर लावायला बरं आहे."

"तुमच्या दुकानात नुसतं मांजरपाटच इकता का भाऊ?" नाना म्हणाले. "रंगाचं एकबी ठान ठेवत नही?"

सगळे हसले. दुकानदारही हसला. मी मात्र भिंग लावून पक्ष्याच्या पंखाची कड बघत होतो. रंगाचा पातळ थर चांदीवर बसलेला दिसत होता, आणि मला तो खटकला. नाण्यावरचं चित्र धातूतूनच वर यावं, असं मला वाटतं. कारागीर ठसा कोरतो, ठसा पडतो, आणि पुढचं काम उजेड करतो. नाणं जरा तिरकं धरलं की राजाचा चेहरा जागा होतो, हे मला तुम्हीच दाखवलं होतं. रंग आला की डोळा तिथेच थांबतो. शिवाय हा रंग किती वर्षं टिकणार? माझं आयुष्य कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलं, मला रंगांचा भरवसा वाटत नाही. आणि जे नाणं कुणाच्या हातातून बाजारात फिरलंच नाही, फिरणारही नाही, त्याला नाणं तरी कशाला म्हणायचं? हे सगळं माझ्या मनात होतं. पण नानांना लिहिताना मी यातलं एकही वाक्य लिहिलं नाही. तुमचं नाव पुढे केलं की वाद संपतो, हे मला माहीत होतं.

तुम्ही निवृत्त होऊन गावी राहत होतात तेव्हाची गोष्ट. मी तिशीचा, नोकरी लागलेली. धुळ्याच्या आठवडे बाजारात भंगारवाल्याकडे मला एक तांब्याचं जुनं नाणं मिळालं होतं, काळपट हिरवं, अक्षरं जेमतेम दिसणारी. तुम्हाला दाखवायला आणायचं म्हणून मी ते प्रयोगशाळेत पातळ केलेल्या आम्लात बुडवलं. नाणं लालगुलाबी चमकायला लागलं. मला वाटलं, गुरुजी खूश होतील. मी तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलो आहे, गुरुपत्नी, आमच्या बाई, चुलीवर भाकरी टाकताहेत, आणि मी रुमालाची गाठ सोडून नाणं तुमच्या तळहातावर ठेवतो. तुम्ही ते खिडकीशी नेता. तिथेच उभे राहता. वर्गात तुम्ही कायम पुस्तकातलं मराठी बोलायचात, रागातसुद्धा. त्या दिवशी तुमच्या तोंडून घरची बोली आली.

"हाई काय करी ठेवं रे तू? बठ्ठं खाई टाकं त्याचं."

खरंच, आम्लानं हिरव्या थराबरोबर उरलीसुरली अक्षरंही सगळी खाल्ली होती. मी मान खाली घातली. एका गावच्या शाळेतून शिकून कॉलेजात चिकटलेला माणूस, खिशाला पेन, आणि कान लाल. बाई तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "एवढ्या लांबून आला तो. आधी जेवू घाला, मग बोला." तुम्ही नाणं बाजूला ठेवलंत. माझ्या ताटात स्वतः भाकरी वाढलीत. जेवण झाल्यावर मात्र जवळ बसवलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "टांकसाळेनं केलं ते नाण्याचं. त्यानंतर जे झालं ते आपलं. दोन्हींची गल्लत करू नकोस." आणि निघताना तुमचं स्वतःचं भिंग माझ्या हातात ठेवलंत. पुढच्या खेपेला मी आलो तो तुमच्या दहाव्याला.

नानांचं उत्तर चार दिवसांत आलं. कार्डावर एकच ओळ होती. "तुमच्या गुरुजींनी असं नाणं पाहिलं होतं काय? कळवावे." त्यानंतरच्या बैठकीला नाना आले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी बैठक चुकवली नव्हती. माझ्या देवापुढे त्या दिवशी केळी नव्हती, आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे जात होतं.

त्या एका ओळीनं मला तुमच्या वाक्याकडे परत नेलं. टांकसाळेनं केलं ते नाण्याचं. मग पक्ष्याचा रंग कुणी केला? टांकसाळेनंच. ठशाइतकाच तो तिचा. तुमच्याच शिकवणीप्रमाणे बघितलं तर मी नानांना नाही म्हणायला नको होतं. तुमचा राग मी वीस वर्षं जपून ठेवला होता, आणि त्या रागानंतर जे सांगितलंत, ते विसरलो होतो. आम्ही संग्रह करणारे लोक रंग म्हटला की बिचकतो, कारण आम्हाला रंग म्हणजे नंतरचा खोटेपणा माहीत आहे, कुणीतरी घरी बसून केलेला. पण टांकसाळ स्वतःच रंगात बोलायला लागली, तर ते आपल्याला आवडो न आवडो, लिहून ठेवणं हे आपलं काम आहे.

भाऊबीज झाल्यावर मी फैजपूरला गेलो. नाना ओट्यावर बसले होते. "या," एवढंच म्हणाले. मी चप्पल काढता काढताच सांगितलं, की माझी चूक झाली, नाणं द्या, मी मांडतो. नानांनी आत बघितलं. आतून अक्का आल्या, त्यांची बायको, हातात पाण्याचा तांब्या. त्यांनीच उत्तर दिलं.

"तुम्ही नही घेतलं, मंग आम्ही लक्ष्मीजवय ठेवलं. पोरीनं धाडेल व्हतं, घरात कुठी तरी त्याले जागा पाह्यजे ना?"

देवघरात पाटावर ते नाणं होतं. डबीतून बाहेर काढलेलं. लक्ष्मीपूजनाला अक्कांनी त्याला दुधापाण्यानं धुतलं होतं, हळद-कुंकू वाहिलं होतं, जसं इतर चांदीच्या रुपयांना वाहतात. पक्ष्याचं पांढरं पोट पिवळं झालं होतं, आणि मानेशी कुंकवाचा ओला ठिपका वाळून चिकटला होता. या नाण्याला बोटसुद्धा लावायचं नसतं, हे त्या घरात कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी वेळेवर घेतलं असतं तर ते डबीतच राहिलं असतं.

"आता तं तुम्ही घेनारच नही," नाना म्हणाले. "तुमचं ते कलम. टांकसाळीतून निघाल्यावर काही केलं असीन तं चालत नही."

मी नाणं कडेनं धरून उजेडात नेलं. हळद रंगात शिरली होती. ती काढायची तर पक्षीही निघणार. तरी सवयीनं तोंडातून गेलं, "डिस्टिल्ड वॉटरनं थोडं बघू का?"

"काहून?" अक्का म्हणाल्या. "खराब काय झालं त्याचं?"

मी देवापुढे हात जोडले आणि नाणं मागून घेतलं. नाना माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आले, पण प्रदर्शनाला येईन असं म्हणाले नाहीत.

मंडळात बोलणी झाली. दुकानदार म्हणाला, "रंगीत तर रंगीत, वर पूजा केलेलं. पुढच्या वर्षी समई पण मांडू." मी त्याला सांगितलं, नियमात एक ओळ वाढवतो आहे: टांकसाळेनं दिलेला रंग चालेल, आणि घरानं दिलेला असेल तर तो वेगळा लिहावा लागेल. त्यानं नियमांची वही माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाला, "लिही, पण अक्षर नीट काढ."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, ते माझ्या पोथीच्या कपाटात राहील. म्हणून एक कबूल करतो. रंगीत नाणी मला अजून आवडत नाहीत, आणि तुम्हाला आवडली असती असंही मी कुणाला सांगणार नाही. काल प्रदर्शन उघडलं. नाना आले, अक्कांना घेऊन आले. मी पहिल्याच टेबलावर काचेखाली ते नाणं ठेवलं आणि शेजारी माझ्या हातानं लिहिलेली चिठ्ठी लावली: हिरवा, निळा, पांढरा रंग टांकसाळेचा, हळद-कुंकू फैजपूरचं.