चौथ्या चौकटीतला मी

४ जानेवारी, सकाळी
नवी वही, संकल्प एकच. लंबूला उघडा पाडायचा.
वाचनालयात त्याच्या कॉमिकच्या मूळ चित्रांचं प्रदर्शन आहे. 'खिंडीतली माघार.' आमंत्रणावर त्याचं नाव ठळक. माझं भिंग लावूनही सापडत नाही! त्या युद्धात आम्ही एकाच तुकडीत. माघार घेताना बर्फातून दोन दिवस ह्या ताडमाडाला पाठीवर वाहिला तो मी. त्याने स्वतःच्या हाताने ते चित्र काढलं आणि ओरिजिनल पान माझ्या लग्नात भेट दिलं. चौथी चौकट, खाली मी, पाठीवर तो. पुढे पुस्तक छापलं, तर त्यात खाली तो, पाठीवर मी! केसाने गळा कापला. चाळीस वर्षं अबोला.
पान माझ्याकडे आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?

६ जानेवारी
हिने भाजी निवडता निवडता विचारलं की पायाची दोन बोटं बर्फात गेली तुमची, मग चाललात कसे, तेही पाठीवर माणूस घेऊन? युद्धातलं हिला काय कळतंय.

९ जानेवारी
फ्रेम भिंतीवरून उतरवली. काच धुरकट झालीय. फ्रेमवाले मास्तर म्हणाले, चौथ्या चौकटीत चेहरे जरा वर आलेत, चिकटवल्यासारखे. मी सांगितलं, मास्तर, त्याला ब्रशचा उठाव म्हणतात. काच बदलायला फ्रेम त्यांच्याकडेच ठेवली.

१२ जानेवारी
भाषणाची तालीम. लेकीने घड्याळ लावलं. बावीस मिनिटं. म्हणे, बाबा, नका ना बोलू, काकांना वाईट वाटेल. कोण काका? तर लंबू! दर वाढदिवसाला लेकीला त्याचं कार्ड येतं म्हणे. घरचाच भेदी.

१५ जानेवारी, दुपारी
मास्तरांचा फोन. धावत गेलो.
जुना गोंद वाळलेला. काच काढताच दोन कपटे गळून पडले. एकावर माझा चेहरा, एकावर लंबूचा. खाली पानावर तेच दोन चेहरे, पण उलटसुलट. ओझं वाहणारा तो. ओझं म्हणजे मी. तोंडही उघडं.
मास्तरांवर आळ घेतला. त्यांनी शांतपणे पान पालथं केलं. मागे लंबूचं मोत्यासारखं अक्षर: 'चेहरे बदललेत, तुझ्या सासऱ्यांवर छाप पडावी म्हणून. पुस्तकात मात्र खरं ठेवीन. रागावू नकोस.'
असलं कुणी पाठीमागे लिहितं? पुठ्ठा ठोकलेला होता!
मास्तर चिडले. काच तुमची तुम्ही लावा म्हणाले.

१६ जानेवारी
हिला सांगितलं. हिला लग्न झालं तेव्हापासून ठाऊक! मी झोपेत बडबडतो म्हणे. "लंबू, सोडू नकोस मला." पहिल्याच रात्री ऐकलं. मग बोलली का नाहीस? तर म्हणे, तुम्ही एवढ्या रंगात येऊन सांगायचात.
माझ्याच तोंडाने मला दगा दिला.

१७ जानेवारी
पुराव्यात ढवळाढवळ करणार नाही. फक्त कपटे जागच्या जागी बसवले. डिंक जास्त झाला. माझं डोकं जरा तिरकं बसलंय. लांबून कळणार नाही.

२० जानेवारी, संध्याकाळी
जाणार नव्हतो. गेलो.
वाचनालय दुसऱ्या मजल्यावर. माझं पान नेऊन बिनकाचेचंच टांगलं. लंबू पुढे आला. वाकलाय आता, लंबू म्हणण्यासारखा राहिलेला नाही. त्याने माझं तिरकं डोकं पाहिलं, मग मला पाहिलं. गोळा झालेल्या लोकांना म्हणाला, ह्यानेच उचललं होतं मला.
बावीस मिनिटांचं भाषण खिशात. ते बाहेर काढलंच नाही. शेवटी नखाने दोन्ही कपटे काढले.
वाटलं, आता हाहाकार होणार. कुणाच्या भुवया हलतील तर शपथ! ग्रंथपाल बाई म्हणाल्या, हो, पुस्तकात असंच आहे. सगळ्यांनी वाचलेलं. चाळीस वर्षं गुपित ठेवलं ते एकट्या माझ्यापासून, आणि ठेवणाराही मीच.
जिना उतरताना अधू पाय घसरला. मागून लंबूने काखेत हात घालून धरलं. म्हणाला, वजन तेवढंच आहे रे.
सोडू नकोस म्हणालो. ह्या खेपेला जागेपणी.