साच्यातला तुझा अंगठा

माय, आज सकाळी तुझ्या बुद्धाच्या साच्यात मी मेण ओतलं. तुझी नात उद्याच्या बसनं नोकरीसाठी पुण्याला चालली आणि तिला सोबत तुझ्या साच्यातलीच मूर्ती पाहिजे. बाजारातली चालत नाही बाईसाहेबांना! हट्टीपणात थेट तुझ्यावर गेली.

घाटंजीच्या आपल्या स्वयंपाकघरात तू साचा केलास, तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. पाटावर तू घडवलेली मातीची मूर्ती, आणि तू ब्रशानं तिच्यावर रबराचं दूध लावते आहेस. एक हात वाळला की दुसरा. घरभर नाकाला झोंबणारा वास, बाबा वैतागून ताट घेऊन ओसरीवर बसलेले. रबर सोलताना माती भंगली, पण आत सगळं उतरलं होतं. पापण्या, चिवराच्या चुण्या, आणि बैठकीच्या मागं ओल्या मातीत रुतलेला तुझा अंगठा, रेघान् रेघ. बुद्धपौर्णिमा जवळ आली की तू मूर्त्या ओतायचीस. साबणाचं पाणी लावून, पायातला मोजा काढावा तसा साचा हळूच उलटवायचीस. एकदा मी हौसेनं एका मूर्तीत वात घातली, तर केवढी भडकलीस! "काहून वं, मेणबत्ती बनवून राह्यली का? त्याईच्या डोक्याले आग लावतं का कोनी?" पाठीत धपाटाही बसला. त्या साऱ्या मूर्त्या आपल्या उन्हाळ्यांनी वाकवून, वितळवून टाकल्या.

आता रबर काळवंडलंय, काठाला चिकट झालंय, दुमडलं की भेगा दिसतात. मी साबणाचं पाणी घेते, हात पुढं करते आणि मागं घेते. मला भीती वाटते गं, फार भीती वाटते. साचा फाटला तर हीच शेवटची मूर्ती, आणि तीही घरातून जाणार. नवा साचा करायचं तू शिकवत होतीस तेव्हा मला कंटाळा यायचा. तुझा फोटोही एकच, लग्नाच्या घोळक्यातला, त्यात पदराआड अर्धा चेहरा.

पोरगी दोनदा येऊन गेली. "आई, निघाली का वं मूर्ती? मले बॅग भरायची आहे." मी म्हटलं, "आत गरम आहे अजून, हात नको लावू." ती बिचारी बॅगेत मूर्तीपुरती जागा ठेवून बसली आहे.

हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून तुलाच सांगते. मेण दुपारीच गार झालंय, माय. मूर्ती निघाली की पोरगीही निघेल.