बारशाचा फोटो

केशवापूर, हुबळी
ता. ९ जानेवारी २०२५

सौ. दीपश्रीअक्कांना वेदश्रीचा नमस्कार.

रायापूरला थंडी वाढली असेल, गुडघे सांभाळा. संक्रांत तोंडावर आली आहे, गोड बोलायचे दिवस. प्रयत्न करते.

राधा बरी आहे. कपाळाचे टाके निघाले. माहेरी आल्यापासून ती दिवसभर माझ्या छातीशी असते. भाजी आणताना, सिटी बसमध्ये, कपडे वाळत घालतानाही तिला पट्ट्यांच्या बेबी कॅरिअरमध्ये बांधून घेते. खांदे भरून येतात. फोटो कुणी काढत नाही.

तुमच्या भावाने तिला एकदाच बांधलं, बारशाला, तर अख्खं देशपांडे नगर विरघळलं. शेजारच्या शकुंतलाबाई म्हणाल्या, "नोड्री, बघा तरी, बाप असावा तर असा!" फोटोत लेकीचा चेहरा यायला हवा म्हणून सुधींद्रांनी तिला बाहेर तोंड करून बसवलं. मी म्हटलं, "अहो, बाजूचं बक्कल लागलं नाही." तर म्हणाले, "तुला खोट काढल्याशिवाय राहवत नाही." आणि तसेच विठ्ठलरावकाकांच्या पाया पडायला वाकले.

तुम्ही शेजारीच उभ्या होता, अक्का. लेकरू बाजूने निसटून फरशीवर कपाळावर आपटलं, ते तुम्ही पाहिलंत.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात, "आईच्या हातातून निसटली." पोर रक्तबंबाळ, मी तिला धरू की तुमच्याशी भांडू? गप्प बसले. ते गप्प बसणंच आता माझ्या अंगाशी आलं आहे.

रविवारी तुमच्या घरी मोठी माणसं बसणार. आईला मूल सांभाळता येत नाही, राधा आमच्याकडेच राहील, असं सुधींद्रांचं म्हणणं. आणि तुमचा फोन, "थोडं सोसून घे गं, घरातलं घरात राहू दे." घराची अब्रू झाकायला माझ्या लेकीचं कपाळच सापडलं का तुम्हाला?

त्यांचा मला राग येतो. तुमची किळस येते. लिहायचं नव्हतं, पण आलं तसं लिहिलं.

आत्या म्हणून राधाच्या कानात तिचं नाव तुम्ही हळूच सांगितलंत. रविवारी मात्र ती कुणाच्या हातून पडली ते मोठ्याने सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ते जमणार नसेल, तर आत्या म्हणून तिच्यासमोर पुन्हा उभ्या राहू नका.

जिच्या हातातून राधा कधीच निसटली नाही, ती
वेदश्री