गोठ्यातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग

शिरोळ,
१२ फेब्रुवारी २०२४

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

बाळा, कानामागचे टाके काढले का? गगनबावड्याला गारठा फार, माहेरी आहेस म्हणून हयगय करू नकोस, डोक्याला फडकं बांधत जा. इकडं तांबडी व्याली, कालवड झाली. तू असतीस तर नाव ठेवलं असतंस.

अक्षर वाकडं आलंय. उजव्या हाताची दोन बोटं बांधलीत, म्हणून.

गोठ्यातला संगणक अमरसिंहानं बंद पाडला होता. "सगळं पुसलंय. दाखवू दे तिला कोर्टात काय दाखवायचंय ते," असं चौकात सांगत फिरायचा. माझ्या पोटच्या पोराला एवढं कळलं नाही, की त्यानं फक्त संगणक सुरू करणारी फाइल बिघडवलीय. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आत तसंच होतं.

डेअरीत संगणकावर बसून बसून मी हे शिकले, तुला ठाऊकच आहे. गोठ्यातल्या संगणकात आहे त्याच विंडोजचा पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केली. ती फाइल लपवलेली असते, कुणाला हात लावू देत नाही. आधी तिचा पहारा काढला. पुसली नाही हं, नाव बदलून बाजूला ठेवली. चुकलं तर मागं फिरता यावं. मग नवी बसवली, पहारा परत लावला. तेवढ्यात तो आला.

"काय करतीयास?"

"मशीन चालू करतीया."

"पुसलंय मी. काय न्हाय त्यात."

"मग घाबरतोस कशाला रं?"

त्यानं माझा हात टेबलाच्या खणात कोंबला आणि खण लाथेनं लावला. दोनदा. मी संगणकाचा डबा पोटाशी धरून वाकले, तर पाठीत लाथा घातल्या. शेजारचा दस्तगीर खोरं उगारून आला तेव्हा कुठं गेला.

रेकॉर्डिंग बघितलं. केस धरून तुझं डोकं गव्हाणीवर आपटलंय. तीन वेळा. वैरण लाल झालेली दिसते.

आणि दारात बादली घेऊन मी उभी आहे, बाळा. पोलिसांना मी सांगितलं होतं, बाजारात गेलते. मी अकरा सेकंद तुझ्याकडं बघते, मग पाठ फिरवते.

तेवढा तुकडा कापता आला असता. मला येतं ते. कापला नाही.

पेनड्राइव्ह या पत्राबरोबर दस्तगीर आणून देईल. एक नक्कल त्याच्याकडंच ठेवलीय. कोर्टाच्या तारखेला मी येते, खोटं बोलले तेही सांगते. त्यानंतर या सासूला आत्ती म्हणायचं की नाही, तुझं तू ठरव.

दारात नुसती उभी राहिलेली,
शालूबाई